दोन गुरुवारांचा प्रवास: सिंगापूर ते न्यू यॉर्क आणि परत

बुधवार

निघायच्या आधी घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितला. एक टोक सिंगापूरवर, दुसरं न्यू यॉर्कवर. भिंतीवरच्या नकाशात न्यू यॉर्क पार डावीकडे आणि सिंगापूर पार उजवीकडे असतं. मध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अटलांटिक, आफ्रिका आणि हिंदी महासागरावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र घट्ट ओढल्यावर सरकत सरकत वर गेला आणि उत्तर ध्रुवाला जवळजवळ टेकला. थायलंड, लाओस, चीनचा सिचुआन, मंगोलिया, सैबेरिया, मग बर्फाचा समुद्र आणि पलीकडच्या अंगाने ग्रीनलंडचा वायव्य कोपरा, बॅफिन बेट, क्वेबेक असं करत तो न्यू यॉर्कला उतरत होता. वाटेत माँट्रियल अगदी दोऱ्याखाली आलं.

कारण सोपं आहे. सिंगापूरचा चांगी विमानतळ साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे, न्यू यॉर्कचा केनेडी विमानतळ साधारण ७४ अंश पश्चिम. दोन्हींची बेरीज १७८. म्हणजे दोन गावं पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, आणि अशा दोन गावांमधली जवळची वाट ध्रुवाकडूनच जाते. त्यामुळे अंतर काढायला मोठं गणित लागत नाही. चांगीपासून ध्रुव ८८.६४ अंश दूर, ध्रुवापासून केनेडी ४९.३६ अंश. एकूण १३८ अंश. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे ८,२८० सागरी मैल. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. उत्तर आलं १५,३३५ किलोमीटर. या मार्गाचं छापील अंतर आहे १५,३४९. कागदावर बेरीज-वजाबाकी करून चौदा किलोमीटरच्या आत पोचलो, याचा मला झालेला आनंद फार मोठा होता. उरलेला फरक पडतो तो पृथ्वी अगदी गोल नसल्यामुळे. ती ध्रुवांशी किंचित चपटी आहे, त्यामुळे तिथला एक अंश विषुववृत्ताजवळच्या अंशापेक्षा एखाद्या किलोमीटरने लांब भरतो.

आज नियमित प्रवासी उड्डाणांमध्ये याहून लांबचं अंतर दुसऱ्या कुठल्याही थेट विमानाचं नाही. केनेडीला ही सेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. शेजारच्या नेवार्कला त्याआधी, ऑक्टोबर २०१८ पासून. त्याहीआधी २००४ ते २०१३ या काळात चार इंजिनांची एअरबस ए३४०-५०० नेवार्कला थेट जात असे. इंधन महागलं, चार इंजिनांची भूक परवडेना, आणि ती बंद झाली. आता जातं ते दोन इंजिनांचं ए३५०-९००, त्यातला अतिलांब पल्ल्याचा प्रकार. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावतं. वजनात ते १३० टनांच्या आसपास भरतं, आणि उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन २८० टन. थोडक्यात, भरलेलं विमान जवळजवळ निम्मं इंधनच असतं. म्हणून आसनं फक्त १६१.

माझ्या तिकिटावर निघायची वेळ रात्री ११:३५ आणि पोचायची पहाटे ५:४५ होती. नुसती घड्याळं बघितली तर सहा तास दहा मिनिटं. सिंगापूर ग्रीनिचच्या आठ तास पुढे, न्यू यॉर्क त्या आठवड्यात अजून उन्हाळी वेळेवर असल्याने चार तास मागे. फरक बरोबर बारा. सहा-दहात बारा मिळवले की अठरा तास दहा मिनिटं. हा झाला चाकांखालचे अडथळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ, ब्लॉक टाइम. प्रत्यक्ष हवेतला वेळ कॅप्टननी सांगितला: सतरा तास पंचवीस मिनिटं.

आणि बारा तासांचा फरक असल्याने काट्यांच्या घड्याळाला हात लावायची गरजच नव्हती.

गुरुवार, पहिला

उजवीकडची खिडकी मी मुद्दाम घेतली होती. शेजारच्या आसनावर एक वयस्कर गृहस्थ होते. बसताच त्यांनी मोबाइलवर कुणाशी तरी मराठीत बोलून "बसलो रे, दार लागतंय आता" असं सांगितलं, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर अधिकारी म्हणून काढलेले, आता निवृत्त.

समोरच्या पडद्यावर नकाशा लागला आणि विमान ध्रुवाकडे न जाता ईशान्येला वळलं. दक्षिण चिनी समुद्र, मग तैवान आणि ओकिनावाच्या बाजूने जपानकडे.

"काका, हे तर लांबून चाललंय."

"लांबून चाललंय, पण वाऱ्याबरोबर चाललंय," ते म्हणाले. "जमिनीवरचं अंतर नका मोजू. हवेतलं मोजा."

हे वाक्य मला पुढचा आठवडाभर पुरलं. विमान कापतं ते हवेतलं अंतर. हवाच पुढे सरकत असेल तर जमिनीवरचं अंतर फुकट वाढीव मिळतं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. ताशी शे-दोनशे किलोमीटर ही त्यांची नेहमीची चाल, आणि हिवाळ्यात जपानच्या आसपास ती याच्या दुपटीलाही पोचते. त्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास झाला तोही जपानमध्येच. वासाबुरो ओइशी या हवामानतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून वरच्या वाऱ्याचा वेग मोजला. जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि बहुतेक जगाने तो वाचलाच नाही. १९४४ मध्ये जपानवर आलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तो वारा अंगावर आला, तेव्हा त्याची ताकद सगळ्यांना कळली. ओइशींबद्दल मला फार वाटतं. ते मोजत होते त्याच हवेतून आम्ही चाललो होतो, आणि पडद्यावर जमिनीच्या संदर्भातला वेग ताशी ९०० वरून १,०८० वर गेला होता.

२०१८ मध्ये नेवार्कची सेवा सुरू झाली तेव्हा विमान कंपनीने अंतर सुमारे १६,७०० किलोमीटर आणि सरासरी वेळ १८ तास ४५ मिनिटं सांगितली होती. सरळ अंतर १५,३४४. म्हणजे उडताना साडेतेराशे किलोमीटर जास्त धरलेले होते. ध्रुवाच्या वाटेने गेलं तर १५,३४९ भागिले ९०० म्हणजे साधारण सतरा तास लागावेत, पण तिथे मागून ढकलणारा वारा नाही. शिवाय थंडीचा प्रश्न असतो, कारण विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं. आणि २०२२ पासून बऱ्याच कंपन्या रशियाचं आकाश टाळतात. तेव्हा कुठली वाट धरायची हे त्या त्या दिवशीचा वारा बघून ठरवतात. एकाच उड्डाण क्रमांकाचं विमान सोमवारी एका वाटेने आणि मंगळवारी दुसऱ्या वाटेने गेलेलं असू शकतं.

उड्डाणानंतर पाच तासांनी, जपानच्या अलीकडे, पुढच्या उजव्या बाजूला क्षितिज तांबूस झालं. मी वहीत पहिली रेघ मारली, दर सूर्योदयाला एक. खाली त्या ठिकाणी गुरुवारची सकाळ होती.

एव्हाना विमान हलकं होत चाललं होतं. सुरुवातीला जड असल्याने ते खालच्या थरात उडतं, आणि जसजसं इंधन जळतं तसतसं वर चढतं. हे पायऱ्या चढण्यासारखं असतं. थोडा वेळ सपाट, मग दोन हजार फूट वर, पुन्हा सपाट. इंजिनांचा आवाज किंचित भरला की मी पडद्याकडे बघायचो. आकडा बदललेला असायचा. पुढे चार वैमानिक, आळीपाळीने झोपणारे. आतल्या हवेचा दाब १,८०० मीटरच्या डोंगरावर असावा तितका.

दुपारी आम्ही आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. काका जागे होते.

"आम्ही लॉगबुकात तीच तारीख परत लिहायचो," ते म्हणाले. "पूर्वेकडे जाताना दोन बुधवार, पश्चिमेकडे जाताना एक दिवस गायब. पोरं विचारायची, दोन दिवसांचा पगार मिळणार का."

"मिळायचा?"

"काम केलं तर मिळणारच की."

पलीकडे अलास्का होतं, आणि तिथली गोष्ट मला फार आवडते. १८६७ मध्ये रशियाने अलास्का अमेरिकेला विकलं. तोवर तिथे आशियाचे वार आणि रशियाचं जुनं कॅलेंडर चालत होतं. हस्तांतराच्या वेळी वाररेषा दुसऱ्या अंगाला गेली, कॅलेंडरही बदललं, आणि शुक्रवार ६ ऑक्टोबरनंतर लागला शुक्रवार १८ ऑक्टोबर. अख्ख्या प्रदेशाने झोपून उठून पुन्हा शुक्रवारच बघितला.

आमच्या बाबतीत उलटी गंमत झाली. उगवल्यापासून सहा-साडेसहा तासांतच सूर्य मागे उजवीकडे कलला. आम्ही त्याच्या विरुद्ध दिशेला पळत होतो, त्यामुळे दिवस दोन्ही टोकांनी कापला गेला होता. ढगांची वरची बाजू आधी केशरी आणि मग राखी झाली. खाली, वाररेषेच्या या अंगाला, ती बुधवारची संध्याकाळ होती. गुरुवारी उगवलेला सूर्य आमच्या डोळ्यांदेखत बुधवारी मावळला. मी हे वाक्य वहीत लिहून दोनदा तपासलं. बरोबर होतं.

गुरुवार, दुसरा

पुढचे सहा तास रात्रच. कॅनडा अंधारात गेला. मधूनच एखादं गाव दिव्यांच्या मुठीसारखं दिसायचं. पहाटे पाच वीसला चाकं टेकली. मनगटावरच्या घड्याळात पाच वीसच वाजले होते, फक्त ते संध्याकाळचे. पडद्यावरचं कापलेलं अंतर साडेसोळा हजार किलोमीटरच्या आसपास.

काका निरोप घेताना म्हणाले, "येताना कुठून आणतात बघा. बहुतेक अटलांटिकवरून. मग तुमची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी."

सकाळी साडेसातच्या सुमाराला सूर्य उगवला. दुसरी रेघ. एकाच वारी दुसऱ्यांदा.

शुक्रवार, शनिवार

कामात गेले. रेघा दोन, एकूण चार. रात्री तीनला टक्क जाग आणि दुपारी चारला डोळ्यांवर जड पापण्या. शरीराचं आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं असं म्हणतात. दोन-तीन तासांच्या फरकाला ते पुढे जायचं की मागे हे धड ओळखतं. बारा तासांच्या फरकात दोन्ही वाटा सारख्याच लांब, त्यामुळे त्याला दिशाच सापडत नाही. मी पहाटे सूर्याची वाट बघत खिडकीशी बसायचो.

रविवार

नोव्हेंबरचा पहिला रविवार. या दिवशी रात्री दोन वाजता अमेरिकेच्या बहुतेक भागात घड्याळं एक तास मागे घेतात. दोनचा पुन्हा एक वाजतो. मी त्यासाठी जागाच होतो, तसंही झोप नव्हती. मोबाइलवर १:५९ नंतर १:०० आलं. काट्यांच्या घड्याळाला पहिल्यांदाच हात लावावा लागला. सिंगापूरच्या वेळेवर लावून आणलेलं ते घड्याळ चार दिवस आपोआप बरोबर होतं, आणि आता एका तासाने चुकीचं झालं.

शनिवारी साडेसातच्या सुमाराला उगवलेला सूर्य रविवारी साडेसहाला उगवला. सूर्याने काही केलं नव्हतं. पाचवी रेघ.

दोन विमानतळांमधलं अंतर एका मिलिमीटरनेही बदललं नव्हतं, पण वेळेतला फरक बारावरून तेरा झाला होता. जाताना केलेला हिशेब परतताना चालणार नव्हता. प्रवासाचा वेळ काढताना लोक सर्वांत जास्त चुकतात ते इथे. फरक जाण्याच्या तारखेचा धरतात आणि परतीलाही तोच लावतात. सिंगापूरकडे बघायचं तर तिथलं घड्याळही सूर्याशी फार प्रामाणिक नाही. १०४ अंशांवरच्या गावाला ग्रीनिचपेक्षा सात तास पुढे असणं साजेसं, पण ते आधी साडेसात आणि १९८२ च्या सुरुवातीपासून आठ तास पुढे आहे. म्हणून तिथे सूर्य डोक्यावर येतो तो एकच्या सुमाराला.

सोमवार

सहावी रेघ सकाळी. रात्री साडेदहाचं विमान. तिकिटावर पोचण्याची वेळ बुधवारी सकाळी सहा. कॅलेंडरवर मोजलं तर साडेएकतीस तास. त्यातून तेरा वजा केले की साडेअठरा. जाताना मिळवायचे, येताना वजा करायचे. याची एकदा सवय झाली की कुठल्याही दोन विमानतळांचं गणित तोंडी सुटतं.

धावपट्टीकडे जाताना मी नकाशाच बघत होतो. उड्डाणानंतर विमान समुद्रावर गेलं आणि वळून पूर्वेला लागलं. उत्तरेला नाही, पश्चिमेला नाही. काकांनी सांगितलं होतं तसंच.

मंगळवार

संपूर्ण दिवस हवेत उगवला आणि हवेतच मावळला.

अटलांटिक ओलांडताना पुन्हा मागून वारा, पुन्हा ताशी हजाराच्या वरचा वेग. उड्डाणानंतर जवळजवळ चार तासांनी, आयर्लंडच्या अलीकडे, पहाट झाली. सातवी रेघ. न्यू यॉर्कमध्ये त्या वेळी रात्रीचे पावणेतीन होते, तिथले लोक या सूर्याची अजून चार तास वाट बघणार होते. मग युरोप. ढगांच्या फटींतून नांगरलेली शेतं, एक रुंद नदी, दूरवर आल्प्सची पांढरी रांग. जाताना अख्खा दिवस पाण्यावर गेला होता, येताना तो जवळजवळ सगळा जमिनीवर गेला. मला एवढ्या वेळात झोप घ्यायची होती, पण खिडकीचा पडदा ओढवेना. तुर्कस्तानचे तपकिरी डोंगर आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. कॅस्पियन समुद्राच्या आसपास सूर्य मागे गेला. सहा तासांचा दिवस, जातानासारखाच.

अंधार पडल्यावर वही काढली आणि हिशेब मांडला. बुधवारी रात्री सिंगापूरहून निघालो, पुढच्या बुधवारी सूर्य उगवायच्या आत तिथे पोचणार. तेवढ्या काळात सिंगापूरमध्ये राहिलेल्या माणसाने गुरुवार ते मंगळवार असे सहा सूर्योदय बघितले असतील. माझ्या वहीत सात रेघा होत्या. दोघांचे तास मात्र तेवढेच होते, सहा दिवस आणि साडेसहा तास. मी एक तासही जास्त जगलो नव्हतो. माझे दिवस छोटे पडले होते, म्हणून एक जास्तीचा मावला होता.

जुलै १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं एकमेव जहाज, व्हिक्टोरिया, जवळजवळ तीन वर्षांनी केप व्हर्दे बेटांना टेकलं. खलाशांच्या हिशेबाने तो बुधवार होता. किनाऱ्यावरच्या लोकांनी सांगितलं, आज गुरुवार. मोहिमेची रोजनिशी लिहिणाऱ्या अंतोनियो पिगाफेत्ताला पटेना, कारण त्याने एकही दिवस न चुकता नोंद केली होती. त्याची नोंद खरंच चुकली नव्हती. ते पश्चिमेच्या दिशेने पृथ्वीला फेरी घालून आले होते, म्हणून एक सूर्योदय कमी पडला. मी पूर्वेच्या दिशेने घातली, म्हणून एक जास्त आला. त्यांना तीन वर्षं लागली, अठरा जण त्या जहाजातून स्पेनला पोचले. तसाच पुरावा मला साधारण ३३,००० किलोमीटर उडून, पस्तीस तास हवेत बसून मिळाला होता. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. आम्ही बराचसा वेळ उत्तरेकडच्या आखूड वर्तुळांवरून आलो, म्हणून वाट त्याहून कमी भरली, पण सगळी ३६० रेखावृत्तं ओलांडून झाली.

हे मला लहानपणापासून पुस्तकात माहीत होतं. अंगावरून गेल्याचं आज पहिल्यांदा जाणवलं. वही मिटवली आणि बंगालच्या उपसागरावर कधीतरी झोप लागली.

बुधवार

पहाटे पावणेसहाला चांगीवर उतरलो. हवेत सतरा तास पन्नास मिनिटं, जातानापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त. पडद्यावरचं अंतरही थोडं जास्त होतं. बाहेर काळोख.

मनगटावरचं घड्याळ रविवारच्या बदलानंतर न्यू यॉर्कच्या वेळेवर होतं, त्यात पावणेपाच. ते एक तास पुढे केलं, आणि काटे निघतानासारखे पुन्हा सिंगापूरच्या वेळेला लागले.

सामान मिळालं तरी लगेच निघालो नाही. पूर्वेकडच्या मोठ्या काचेपाशी बाकावर बसून राहिलो. सफाई करणारी एक बाई पाय बाजूला घ्यायला सांगून गेली. एक विमान मागे ढकललं जात होतं. पावणेसातच्या सुमाराला धावपट्टीपलीकडे उजाडलं, आणि बाकावरच्या इतरांसाठी जी गेल्या बुधवारनंतरची सातवी सकाळ होती, तिच्यासाठी मी आठवी रेघ मारली.